सरकारी गैरव्यवहाराची बातमी करताय? या चुका टाळा

6 फेब्रुवारी 2023 च्या सकाळी राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी ‘महानगरी टाइम्स’मध्ये छापून आली. बारसूच्या रिफायनरीचं समर्थन करणारा एक जमीन व्यावसायिक आणि बड्या नेत्यांबरोबर बॅनरवर झळकणारा त्याचा फोटो, असा बातमीचा विषय होता. त्याच दिवशी राजापूरजवळच्या पेट्रोल पंपापाशी त्याच माणसाच्या गाडीने वारिशेंच्या दुचाकीला धडक दिली. दुसऱ्या दिवशी वारिशे गेले. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं होतं, पत्रकार रस्त्यावर उतरल्यावर खुनाचं लागलं.

दिल्ली-मुंबईत मंत्र्याची भानगड बाहेर काढणाऱ्याच्या पाठीशी निदान संपादक असतो, कंपनीचा वकील असतो. तालुक्याच्या वार्ताहराचं तसं नाही. ज्या ठेकेदारावर लिहायचं तो रोज स्टँडवर दिसतो, ज्या अभियंत्याने बिल काढलं त्याची मुलं आपल्याच मुलांच्या शाळेत असतात, आणि घर कुठे आहे हे कुणाला शोधायला लागत नाही. हा लेख मुख्यतः अशा बातमीदारांसाठी आहे. खाली ज्यांना मी चुका म्हणतो त्यांतली एखादी झाली म्हणून पत्रकार दोषी ठरत नाही. हल्ल्याचा दोष हल्ला करणाऱ्याचाच असतो. पण धोक्याचं मोजमाप आधी करता येतं, आणि ते न करता बाहेर पडणारे फार चांगले बातमीदार आपण गमावले आहेत.

धमकीला ‘हे नेहमीचंच’ म्हणून सोडून देणं

बातमीदारीत धमक्या येतातच, त्यामुळे अनेक जण पहिल्या फोनची नोंदही ठेवत नाहीत. स्लोव्हाकियात यान कुत्सियाक या तरुण पत्रकाराला 2017 मध्ये एका बड्या उद्योजकाने फोनवरून धमकावलं. त्याने रीतसर तक्रार केली. 44 दिवस उलटले तरी तक्रारीला तपास अधिकारीसुद्धा मिळालेला दिसत नाही, असं त्याने फेसबुकवर जाहीरपणे लिहिलं. फेब्रुवारी 2018 मध्ये त्याचा आणि त्याची वाग्दत्त वधू मार्टिना कुश्निरोवा हिचा घरात गोळ्या घालून खून झाला. तक्रार करूनही तो वाचला नाही, मग तक्रार कशाला, असं कुणी विचारेल. पण पोलिसांनी काय केलं नाही हे त्या तक्रारीमुळे जगाला कळलं, आणि उसळलेल्या लोकांपुढे पंतप्रधान रॉबर्ट फिको यांना राजीनामा द्यावा लागला.

आपल्याकडे पोलीस ठाण्यात गेलं की अदखलपात्र नोंद करून परत पाठवतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक प्रत पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, एक संपादकांना मेल करा. अर्जात तारीख, वेळ, फोन नंबर, नेमके शब्द आणि कोणत्या बातमीवरून धमकी आली हे सगळं हवं. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधातला कायदा 2017 मध्ये विधिमंडळाने मंजूर केला आणि 2019 मध्ये तो लागू झाला. हल्ल्याचा गुन्हा अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ठाणे अंमलदाराला बरेचदा हा कायदा माहीतच नसतो. त्याची छापील प्रत बॅगेत ठेवा, आणि या कायद्याखाली गुन्हा नोंदवावा असं अर्जातच लिहा.

इथे एक अडचण येते. कायद्यातली पत्रकाराची व्याख्या माध्यम संस्थेतल्या नोकरीशी किंवा कराराशी जोडलेली आहे. गावोगावच्या वार्ताहरांकडे ओळखपत्र असतं, नियुक्तीपत्र नसतं, आणि यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांकडे तर बहुधा दोन्ही नसतं. मालकाकडून एका ओळीचं का होईना, सही-शिक्क्याचं पत्र घेऊन ठेवा. ते देत नसेल अशा मालकासाठी जीव धोक्यात घालावा का, हा विचार मी प्रत्येक वार्ताहराने करावा असं म्हणेन.

‘बसून मिटवू’ म्हणणाऱ्याकडे एकट्याने जाणं

छत्तीसगडमधल्या विजापूरचे मुकेश चंद्राकर ‘बस्तर जंक्शन’ हे चॅनेल चालवत. 2021 मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातला सीआरपीएफचा जवान सोडवून आणण्यासाठी जे पत्रकार जंगलात गेले त्यांत ते होते. म्हणजे भीती न कळणारा किंवा अननुभवी असा हा माणूस नव्हता. एका रस्त्याच्या कामातली निकृष्टता त्यांच्यामुळे चव्हाट्यावर आली. 1 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी ते घराबाहेर पडले, आणि 3 जानेवारीला त्यांचा मृतदेह त्या कामाच्या ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. टाकीवर ताजं काँक्रीट घातलेलं होतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ठेकेदार हा मुकेश यांच्या नात्यातलाच होता, आणि जेवताना झालेल्या वादानंतर त्यांना मारण्यात आलं.

माओवाद्यांकडे जाताना सगळी खबरदारी घेणारा माणूस नातेवाइकाकडे जेवायला जाताना ती घेत नाही. हे अगदी साहजिक आहे, आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक. ज्याच्यावर बातमी आहे त्याचा माणूस, मग तो भाऊबंद असो, वर्गमित्र असो की गावचा सरपंच, भेटायला बोलावू लागला तर भेट दिवसा, चारचौघांत आणि सोबत कुणाला तरी घेऊनच करा. फार्महाऊस, साईट ऑफिस, लॉजची खोली, गाडीची मागची सीट या जागा सरळ नाकारा. निघण्यापूर्वी दोघांना कळवा: कुठे, कुणाकडे, किती वाजेपर्यंत. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर त्यांनी काय करायचं हेही आधीच ठरलेलं हवं. नुसतं लोकेशन शेअर करून भागत नाही. ते बघणारं माणूस जागं हवं आणि पोलीस अधीक्षकांचा नंबर त्याच्याकडे हवा.

बातमी प्रसिद्ध होण्याच्या आदले दोन दिवस आणि नंतरचा आठवडा यात दिनक्रम बदला. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार उघड केले होते आणि पोलीस संरक्षणही मागितलं होतं. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांच्यावर वार झाले.

जाहिरात आणि बातमी एकाच माणसाकडे नेणं

या मुद्द्यावर आपण उघडपणे फार कमी बोलतो. जिल्ह्यातल्या वार्ताहराला वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट असतं. जाहिराती देणारे कोण? ठेकेदार, पतसंस्था, नगरसेवक, बाजार समिती. मार्चमध्ये ज्याच्याकडे अर्ध्या पानाची जाहिरात मागितली त्याच्याच कामाची बातमी जूनमध्ये लिहिली, की खंडणीच्या गुन्ह्याची फिर्याद तयार असते. ‘पैसे मागितले, दिले नाहीत म्हणून बदनामी केली’ हे वाक्य लिहायला एवढंच लागतं, आणि जाहिरातीसाठी केलेला जुना कॉल पुरावा म्हणून पुढे येतो. खंडणीचा डाग मारहाणीपेक्षा वाईट. मारहाण झाली तर गाव बाजूने उभं राहतं, खंडणीच्या आरोपानंतर सहकारीही अंतर ठेवतात.

ज्या विभागाच्या, ज्या ठेकेदाराच्या मागे तुम्ही आहात त्याच्याकडून जाहिरात घेऊ नका. कार्यालयाला तसं लेखी कळवा. नोकरीच जाहिरातींवर अवलंबून असेल तर ती शोधबातमी दुसऱ्या सहकाऱ्याच्या किंवा मुख्य कार्यालयाच्या नावाने जाऊ द्या. संबंधितांची बाजू घेण्यासाठी प्रश्न मेलवर किंवा लेखी पाठवा आणि उत्तरासाठी मुदत द्या. तोंडी बोलणं झालंच तर त्याचा सारांश लगेच मेसेजने पाठवून ठेवा.

बातमी देणाऱ्याचा माग कागदात शिल्लक ठेवणं

सार्वजनिक बांधकाम विभागातला एखादा कारकून जीव मुठीत धरून मोजमाप पुस्तिकेच्या (ठेकेदाराच्या कामाची मापं नोंदवायच्या वहीच्या) पानाचा फोटो पाठवतो. आपण तो तसाच पहिल्या पानावर छापतो. त्या फोटोत आवक क्रमांक असतो, समासातली पेन्सिलची खूण असते, स्टेपलचं भोक असतं, कोपऱ्यात टेबलाची सनमायका असते. कार्यालयातल्या माणसाला तेवढं पुरतं. 2017 मध्ये अमेरिकेत ‘द इंटरसेप्ट’ या बातम्यांच्या वेबसाइटने एका गोपनीय अहवालाची खातरजमा करायला त्याची प्रत सरकारी यंत्रणेलाच दाखवली. कागदावरच्या घडीवरून तो छापून बाहेर नेला गेला हे यंत्रणेने ओळखलं. तो अहवाल कुणी कुणी छापला याची नोंद काढली तर सहाच नावं निघाली. बातमी प्रसिद्ध होण्यापूर्वीच रिअॅलिटी विनर ही कर्मचारी अटकेत होती. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणून मूळ फोटो छापू नका. मजकूर नव्याने टाइप करा, आकड्यांचा तक्ता करा. शक्य असेल तर तोच कागद माहिती अधिकारात मिळवून ती प्रत छापा. मात्र नुसत्या त्याच पानासाठी अर्ज केला तर पान आधीच फुटलंय हे कार्यालयाला कळतं. चार कामांच्या पुस्तिका मागा, आपलं त्यातलं एक. आणि अर्जदाराचं नाव सकाळच्या आवकमधून संध्याकाळपर्यंत ठेकेदारापर्यंत पोचतं हे धरूनच चला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे संपर्कापुरता तपशील सोडून वैयक्तिक माहिती द्यावी लागत नाही, आणि पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स क्रमांक पुरेसा आहे असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आहे. तरीही सर्वांत बरं म्हणजे अर्ज दुसऱ्या जिल्ह्यातल्या सहकाऱ्याने करावा.

आपल्या देशात पत्रकाराला न्यायालयात स्रोत लपवण्याचा पक्का कायदेशीर हक्क नाही. प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम 15(2) फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजाला लागू होतं. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये झाला, पण तो आजवर अमलात आलेला नाही. त्या कारकुनाला वाचवणारं कुणीच नाही. त्याला जे काही संरक्षण मिळेल ते तुमच्या सावधगिरीतूनच मिळेल, आणि ही जबाबदारी बातमीपेक्षा मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

फोनची भीती चुकीच्या जागी बाळगणं

पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव 2021 पासून सगळ्यांना माहीत आहे, आणि काही भारतीय पत्रकारांच्या फोनमध्ये त्याच्या खुणा तांत्रिक तपासणीत सापडल्याही आहेत. पण तालुक्यातल्या प्रकरणात कुणी इतकं महागडं काही आणत नाही. तिथे सीडीआर पुरतो: कुणाचा कुणाला, किती वाजता, कोणत्या टॉवरवरून फोन गेला याची यादी. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी असे सीडीआर बेकायदा विकणारं रॅकेट उघडकीस आणलं होतं. म्हणजे ही यादी फक्त तपास यंत्रणेच्याच हाती असते असं समजू नका. स्रोताला साधा फोन किंवा एसएमएस करूच नका. सिग्नल अॅप वापरा, मेसेज आपोआप पुसले जातील असं सेटिंग ठेवा. व्हॉट्सअॅपच वापरायचं असेल तर क्लाउड बॅकअप एन्क्रिप्ट केलाय का ते तपासा, कारण ते आपोआप होत नाही. भेटायला जाताना फोन घरीच चालू ठेवून जा. अर्थात अशा वेळी कुठे जातोय हे घरच्या एका माणसाला तोंडी सांगितलेलं हवं. फोन बोटाने उघडण्याची सोय बंद करून लांब पासवर्ड ठेवा.

पुरावा हाताळताना मूळ फाइल गमावणं

2019 मध्ये मिर्झापूरच्या एका शाळेत मुलांना पोळी आणि मीठ वाढल्याचा व्हिडिओ पत्रकार पवन जायस्वाल यांनी काढला, तर गुन्हा त्यांच्यावरच दाखल झाला. छापील वर्तमानपत्राचा माणूस व्हिडिओ कशाला काढतो, असा प्रश्न खुद्द जिल्हाधिकाऱ्यांनी विचारला होता. प्रेस कौन्सिलने दखल घेतली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं. असा आरोप आला तर तुमच्याकडे मूळ, न कापलेली फाइल हवी. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली नव्हे. जालन्यातल्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये येतं, आणि त्यात फाइलचा हॅश क्रमांक (फाइलवरून निघणारी अशी ओळखखूण, जी फाइल जराशी बदलली तरी बदलते) द्यावा लागतो. चित्रीकरण झाल्या दिवशीच हॅश काढून तो संपादकांना मेल करून ठेवा.

पोलीस फोन मागायला आले तर लेखी नोटीस मागा, वकिलाला कळवा आणि जप्तीच्या पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. अटक झाली तर कारणं लेखी मागा. ‘न्यूजक्लिक’चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची सुटका 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकी याच मुद्द्यावर केली. वकिलाचा नंबर पाठ हवा, कारण फोन तुमच्या हातात नसेल.

बातमी एकट्यापाशी ठेवणं

स्पर्धा असते, बायलाइनची, म्हणजे बातमीवर आपलं नाव छापून येण्याची, हौस असते, फुटेल अशी भीती असते. त्यामुळे कागद एकाच पेन ड्राइव्हवर आणि सगळी जुळवाजुळव एकाच डोक्यात राहते. समोरच्याच्या लेखी मग प्रश्न सोपा होतो: हा एक माणूस गप्प केला की बातमी संपली. माल्टात पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया वर्षानुवर्षं एकट्या लिहीत होत्या. 16 ऑक्टोबर 2017 रोजी गाडीतल्या बॉम्बने त्यांचा खून झाला तेव्हा त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे 47 दावे होते. पुढच्या वर्षी 18 माध्यम संस्थांमधल्या 45 पत्रकारांनी एकत्र येऊन त्यांचं काम पुढे नेलं. कुत्सियाकची अर्धवट राहिलेली बातमीही सहकाऱ्यांनी त्याच्या खुनानंतर काही दिवसांत प्रसिद्ध केली.

हेच आधी का करू नये? मोठी बातमी हातात असेल तर दोन पत्रकार निवडा, त्यातला एक प्रतिस्पर्धी दैनिकाचा आणि एक दुसऱ्या जिल्ह्यातला. कागदांच्या प्रती त्यांच्याकडे ठेवा, आणि बातमी एकाच दिवशी तिघांनी चालवायची असं ठरवा. बायलाइनचा मान थोडा वाटून जाईल. संबंधितांना प्रश्नांचं पत्र पाठवाल त्यात शेवटी एक ओळ जरूर घाला: ‘या प्रकरणाची सर्व कागदपत्रं अन्य माध्यमांकडेही उपलब्ध आहेत.’