सकाळची खडखड: कॅमशाफ्ट फेजर कसा बदलावा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिले एक-दोन सेकंद इंजिनातून खडखड येते आणि मग सगळं शांत होतं. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजमध्ये ही तक्रार घेऊन येणाऱ्याला वाटेत कुणीतरी सांगितलेलंच असतं, ‘चेन गेली.’ कधी ती खरंच गेलेली असते. पण बऱ्याचदा तो आवाज कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकावर बसलेल्या फेजरचा असतो. गॅरेजमध्ये त्याला व्हीव्हीटीचा (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचा) गिअर म्हणतात.

बाहेरून तो दातेरी गिअर दिसतो आणि क्रँकशाफ्टवरून (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावरून) येणाऱ्या टायमिंग चेनने फिरतो. आत पंख्यासारखी पाती असलेला रोटर असतो, तो कॅमशाफ्टला घट्ट बांधलेला. पात्यांच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत इंजिन ऑइल दाबाने सोडलं की रोटर थोडा पुढे किंवा मागे सरकतो, आणि व्हॉल्व्ह लवकर उघडायचे की उशिरा हे ठरतं. इंजिन बंद असताना दाब नसतो, म्हणून एक छोटी पिन रोटरला त्याच्या बाहेरच्या घराशी अडकवून ठेवते. ही पिन किंवा तिचं भोक झिजलं की ऑइल वर पोचेपर्यंत रोटर मोकळा आपटतो. तीच सकाळची खडखड. पात्यांच्या कडा झिजल्या तर ऑइल एका कप्प्यातून दुसऱ्यात गळतं, मग गरम इंजिन आयडलिंगला टकटकतं, पिकअप पडतो.

आधी ऑइल बघा

फेजर महाग आहे आणि तो बदलायला इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते. म्हणून पाना हातात घेण्याआधी डिपस्टिक काढा. संध्याकाळी घोडबंदर रोडच्या गर्दीत माजिवड्याहून गायमुखकडे निघालात तर मीटरवर दहा-बारा किलोमीटर पडतात, इंजिन मात्र तासभर चाललेलं असतं. घोडबंदर रोडच्या गाडीचं ऑइल किलोमीटरच्या हिशेबाआधीच म्हातारं होतं, त्याचा गाळ बारीक वाटांत बसतो. आणखी एक सवय मला मनापासून खटकते: आवाज दाबायला २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल भरणं. फेजरच्या वाटा पातळ ऑइलसाठी कोरलेल्या असतात. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच भरा.

मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे फेजरच्या कप्प्यांत ऑइल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह. बहुतेक गाड्यांत तो एका बोल्टवर बसलेला असतो. काढा, त्याची बारीक जाळी कार्ब क्लीनरने धुवा. मल्टीमीटरने त्याच्या कॉइलचा रोध मोजा. बऱ्याच गाड्यांत तो ७ ते १२ ओहमच्या आसपास येतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. क्षणभर १२ व्होल्ट दिल्यावर आतला दांडा टक् करून सरकला पाहिजे. स्कॅनरवर पी ००११ किंवा पी ००१२ (कॅमचं टायमिंग फार पुढे किंवा मागे) हा कोड असेल तर नुसत्या या धुण्याने गाडी सुधारलेली मी अनेकदा पाहिली आहे. पी ००१६ (क्रँक आणि कॅम जुळत नाहीत) असेल तर चेन ताणल्याची किंवा एखादा दात सरकल्याचीही शंका धरा. एका गाडीला मी जाळी न बघता नवा फेजर बसवला होता. काही महिन्यांत तीच खडखड परत आली, कारण ऑइलची वाट चोंदलेलीच होती. त्या मालकाचा खर्च मला अजून सलतो.

उघडण्याची तयारी

हे वर्णन टायमिंग चेन असलेल्या, आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचं आहे. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ हवंच. बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) अंदाजाने देऊ नका. नवा फेजर, त्याचा नवा मधला बोल्ट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं पुढचं ऑइल सील, सिलिकॉन, ऑइल आणि फिल्टर आणून ठेवा. कुर्ल्याच्या भंगारातून जुना फेजर आणू नका. त्याची पिन किती झिजली आहे ते बाहेरून कळत नाही. इनटेक आणि एक्झॉस्टचे फेजर वेगळे असतात, पार्ट नंबर जुळवून घ्या. पहिल्यांदा करत असाल तर दोन दिवस हाताशी ठेवा. पावसाळ्यात उघड्यावर हे काम नको: उघड्या हेडमध्ये पाण्याचा थेंब किंवा धूळ जाता कामा नये.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ऑइल सोडा. पुढचं उजवं चाक काढताना गाडी स्टँडवर टेका, नुसत्या जॅकवर नाही. बाहेरचा बेल्ट काढा. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइल पॅनखाली) लाकडी फळी ठेवून दुसऱ्या जॅकने इंजिनाला आधार द्या आणि मगच त्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन माउंट) सोडा. टॅपेट कव्हर काढा. क्रँक पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. पुली धरायचं हत्यार वापरा, सेल्फ मारून तो सोडवण्याची युक्ती करू नका.

आता एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वरच्या टोकाला आणा. क्रँकची आणि दोन्ही कॅमची खूण मॅन्युअलप्रमाणे जुळली पाहिजे. चेन कव्हर काढल्यावर पांढऱ्या रंगाने स्वतःच्याही खुणा करा आणि मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो घ्या. चेन ताणून धरणारा टेन्शनर दाबून त्याच्या भोकात पिन घाला, तो काढा, मग चेनला वाट देणारे गाइड आणि चेन.

फेजर बदलताना

कॅमशाफ्टवर पान्यासाठी षटकोनी भाग असतो. तिथे पाना लावून कॅम धरा आणि फेजरचा मधला मोठा बोल्ट सोडा. चेनचा किंवा फेजरच्या आतल्या पिनचा आधार घेऊन जोर लावला तर नुकसान होतं. फेजरच्या तोंडावरचे तीन-चार छोटे बोल्ट सोडू नका, ते त्याचं घर बांधून ठेवतात.

कॅमच्या टोकाचं ऑइलचं भोक पुसा. नवा फेजर पिन अडकलेल्या स्थितीत येतो, तो फिरवून बघण्याचा मोह टाळा. कॅमवरची छोटी डॉवेल पिन फेजरच्या खाचेत पूर्ण बसली की तो टेकून बसतो. फट दिसत असताना बोल्ट आवळला तर डॉवेल तुटते. बोल्ट टॉर्क पान्यानेच, पुन्हा कॅम धरूनच.

चेन चढवताना तिच्या रंगीत कड्या गिअरच्या खुणांवर आणा आणि टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला ती ढिली राहू देऊ नका. गाइड आणि चेनही खराब दिसत असतील तर आत्ताच बदला, हे सगळं पुन्हा कोण उघडणार? टेन्शनर बसवून त्याची पिन ओढा.

यानंतरच्या पाच मिनिटांत घाई केली तर इंजिन जातं. गोटी पाना लावून क्रँक हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणून क्रँकच्या आणि गिअरच्या खुणा पुन्हा जागेवर यायलाच हव्यात. चेनच्या रंगीत कड्या मात्र या वेळी खुणांवर येणार नाहीत. नवखा माणूस इथे घाबरतो, पण ते बरोबर आहे. मध्येच कडक लागलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असू शकतो. मागे या, चेन काढा, पुन्हा लावा.

कव्हरच्या कडा कोरड्या आणि स्वच्छ करून सिलिकॉनची सुमारे ३ मिलिमीटरची सलग रेघ द्या, हेड आणि ब्लॉक जिथे भेटतात त्या कोपऱ्यात थोडं जास्त. ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू द्या. बाकी सगळं उलट्या क्रमाने लावा, नवा फिल्टर आणि ऑइल घाला.

इंजेक्टरचे कनेक्टर काढून थोडा थोडा सेल्फ मारा, म्हणजे ऑइल वर चढेल. मग कनेक्टर लावा, स्कॅनरने कोड पुसा आणि गाडी सुरू करा. पहिल्यांदा क्षणभर खडखड झाली तर चिंता नको, फेजर अजून रिकामा असतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, बॉनेट उघडं ठेवून, आणि सेल्फ मारायला दुसरं कुणीतरी बसवून. आठवड्याने हेड आणि ब्लॉक भेटतात त्या कव्हरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवा. बोटाला ऑइल लागलं तर सिलिकॉन पुन्हा लावावं लागेल.