समुद्रातून वर आलेल्या सीटीडीची निगा

पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारे सीटीडी हे उपकरण खोल पाण्यापेक्षा डेकवर आल्यानंतरच्या पहिल्या तासात अधिक बिघडते, असे माझे ठाम मत आहे. उन्हात वाळलेले मीठ सेन्सरच्या बारीक नळ्यांत आणि जोडण्यांच्या फटींत घट्ट बसते व पुढे सहजी सुटत नाही. म्हणून उपकरण वर येताच, नोंदी उतरवून घेण्याच्याही आधी, ते गोड्या पाण्याने धुवावे, मात्र जोराची धार सेन्सरवर सोडू नये.

वाहकता मोजणारी नळी बहुधा काचेची असते आणि तिच्यातील इलेक्ट्रोडवर प्लॅटिनमचा अतिशय नाजूक थर असतो, त्यामुळे तीत ब्रश किंवा काडी कधीही घालू नये. ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या द्रवाचे १ टक्क्याचे द्रावण नळीतून सावकाश मागे-पुढे खेळवावे आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने ती धुऊन काढावी. नळीच्या आत शेवाळाचा चिकटा धरला की पाण्याला जागा कमी उरते, वाहकता खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि तिच्यावरून काढलेली क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाणही कमी भरते. पणजीजवळच्या मांडवीत पावसाळ्यात वरचे पाणी खरोखरच गोडे होत असल्याने, हा दोष नदीच्या पुराच्या खाती जमा होण्याचा धोका मोठा असतो.

बॅटरी बदलताना झाकण सावकाश फिरवावे आणि चेहरा त्याच्या समोर धरू नये, कारण आत पाणी शिरले असल्यास वायूचा दाब साठलेला असू शकतो. त्यानंतर खरी कसोटी ओ-रिंगची, म्हणजे झाकणातून पाणी आत शिरू न देणाऱ्या रबरी कड्याची. दर १० मीटरला सुमारे १ वातावरण इतका दाब वाढतो. ५०० मीटरवर सुमारे ५० वातावरणांचा जादा दाब त्या रबरी कड्यावर येतो आणि आडवा पडलेला एक केसही पाण्याला वाट करून देतो. ओ-रिंग स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, प्लास्टिकच्या काडीने काढावी, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि उजेडात चिमटीत हलकेच ताणून पूर्ण फिरवून पाहावी. चीर किंवा चपटेपणा दिसल्यास ती टाकून द्यावी. सिलिकॉन ग्रीस नुसती चकाकी येण्याइतकेच लावावे, कारण जास्तीच्या ग्रीसला वाळूचे कण चिकटतात. ओ-रिंग बसते ती खाचही तितक्याच काळजीने पुसावी.

केबलच्या जोडण्यांनाही सिलिकॉनच लावावे. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्यांनी त्यांचे रबर खराब होते. जस्ताचा अ‍ॅनोड, म्हणजे उपकरणाच्या धातूऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा, झिजण्यासाठीच असल्याने तो निम्मा झिजताच बदलावा आणि त्यावर रंग कधीही लावू नये.

शेवटी नळीतील पाणी निथळून उपकरण सावलीत ठेवावे, आणि ओ-रिंग व अ‍ॅनोड बदलल्याची तारीख उपकरणाच्या पेटीतल्याच वहीत त्याच दिवशी लिहावी.