भट्टीसमोर उभं राहताना द्रवणांकाच्या या चुका टाळा

द्रवणांकाचा, म्हणजे कोणता धातू किती अंशांना वितळतो त्याचा, तक्ता भिंतीवर डकवला की भट्टी आपल्या ताब्यात आली, असं नवीन मुलांना वाटतं. नाशिकच्या सराफ बाजारात चांदीकाम शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला घोळ त्या तक्त्यापाशीच होतो. तक्त्यातले आकडे शुद्ध धातूंचे असतात आणि मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, शुद्ध धातू क्वचितच असतो.

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबं १०८५ला. दोन्ही एकत्र केले तर मिश्रण मधेच कुठेतरी वितळेल, असा हिशेब बहुतेक जण करतात. होतं उलटंच. ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं असलेलं मिश्रण ७८०लाच रस होतं, दोन्हींच्या कितीतरी खाली. ९२.५ टक्क्यांची चांदी (बाकी तांबं) साधारण ८००ला वितळू लागते आणि ८९०च्या आसपास पूर्ण वितळते. मधल्या टप्प्यात ती धड घट्ट नसते, धड पातळ नसते. तेव्हा चिमट्याने हलवली की मोडते. डाख (जोडासाठी वितळवायचा धातू) देताना पैंजणाची कडी अचानक वितळून बसली, तर डाखाला दोष देऊ नका. ज्योत ९६२च्या भरवशावर चाललेली असते. आधी डाखाचा वितळायचा आकडा पाहा आणि तो मालाच्या ८००पेक्षा बराच खाली आहे ना, ते तपासा. एकाच वस्तूला दोन जोड असतील तर पहिला कडक, म्हणजे जास्त अंशांना वितळणाऱ्या, डाखाने द्या, दुसरा नरम डाखाने.

आकडा सेल्सिअसमध्ये आहे की फॅरनहाइटमध्ये, हेही बघून घ्या. चांदीपुढे १७६३ दिसलं तर ते फॅरनहाइट.

पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त, गाळणाऱ्यांची चूक वेगळी आणि जास्त धोक्याची. जस्त ४२०ला वितळतं आणि ९०७ला उकळतं, म्हणजे तांबं वितळायच्या आतच. दोन्ही एकदम मुशीत टाकले की जस्त पांढरा धूर होऊन उडतं, पितळ लालसर पडतं आणि तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. तांबं आधी वितळवा, जस्त शेवटी सोडा, आणि जागा हवेशीर ठेवा. याबाबत मी कुणाचंही ‘चालतं हो’ ऐकून घेत नाही.

अॅल्युमिनियमचा रंग पाहून अंदाज बांधू नका. ते ६६०ला वितळतं आणि उजेडात त्याआधी लाल झालेलं दिसत नाही.

दगडांचं गणित निराळंच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिक पाहिले की ‘हे किती अंशांना वितळतं?’ असा प्रश्न हमखास येतो. झिओलाइट आधी आतलं पाणी सोडतं. १७५६ साली स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट याने ते तापवल्यावर उसळताना पाहिलं आणि ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं हे नाव दिलं. चुनखडीही वितळत नाही. ९००च्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडून तिची चुनकळी होते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ही खनिजं आणि भेगांत ओल असते, म्हणून ज्योतीखाली फरशीचा तुकडा ठेवू नका. तो तडकून उडतो. अग्निवीटच वापरा.

घरातली चूक कल्हईची. कल्हई म्हणजे कथलाचा थर आणि कथील फक्त २३२ला वितळतं. भांडी बाजारातून हौसेने आणलेलं कल्हईचं पातेलं रिकामंच गॅसवर तापत ठेवलं तर कल्हई ओघळते. फोडणीचं तेल धुरावलं की आपण त्या आकड्याजवळ पोचलेलो असतो. तेव्हा आच मंद करा.