इंदुरात घर: भाडेकरार, डायरी आणि रजिस्ट्री

इंदुरातल्या मराठी कुटुंबांत घराचे व्यवहार बऱ्याचदा ओळखीवर होतात. रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर येथे भाडेकरू येतो तो कोणाच्या तरी शब्दावर, आणि बायपासजवळचा प्लॉट घेतला जातो तो मेहुण्याने शेजारचा घेतला म्हणून. ओळखीला हरकत नाही. मात्र तिच्यामुळे पैसा आधी जातो आणि कागद मागाहून होतो, आणि पुढचे बहुतेक तंटे या एका उलट क्रमातूनच निघतात. म्हणून पुढे दिलेल्या प्रत्येक प्रश्नात हे पाहावे की आपल्या हातातला कागद आज नेमका किती हक्क देतो, आणि त्या टप्प्यावर तेवढीच रक्कम द्यावी.

भाड्याचे घर

भाडेकरार अकरा महिन्यांचाच का करतात, हा नेहमीचा प्रश्न आहे. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. तो खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी मुदत वर्षाच्या आत ठेवली जाते. त्यात बेकायदेशीर काही नाही. चुकीचा आहे तो यातून निघालेला समज, की अकरा महिने संपले म्हणजे घरमालक भाडेकरूला कुलूप लावून बाहेर काढू शकतो. निवासी भाड्याला येथे मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 लागू होतो, आणि त्याच्या कलम 12 मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण सिद्ध केल्याशिवाय न्यायालय घर रिकामे करण्याचा हुकूम देत नाही. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी न देणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, घराचे मोठे नुकसान करणे, आणि मालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या राहण्यासाठी घराची खरीखुरी गरज असणे ही त्यांतली मुख्य कारणे होत. वीज किंवा पाणी तोडून भाडेकरूला हुसकावणे हा उपाय कायद्याच्या बाहेरचा आहे, आणि तो करणारा मालक आपलीच बाजू कमकुवत करून घेतो.

दावा दाखल झाल्यावर भाडेकरूनेही गाफील राहू नये. कलम 13 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकीत भाडे न्यायालयात भरावे लागते आणि पुढे दर महिन्याचे भाडे भरत राहावे लागते. ते न भरल्यास त्याचा बचावच बाद होऊ शकतो. घरमालक सेवानिवृत्त सरकारी कर्मचारी, विधवा, घटस्फोटिता किंवा अपंग व्यक्ती असेल आणि घर स्वतःच्या गरजेसाठी हवे असेल, तर नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची वेगळी सोय याच कायद्यात कलम 23-क पासून पुढे केलेली आहे. मुले पुण्याला किंवा परदेशात गेलेली आणि आई एकटी वरच्या मजल्यावर राहते, अशी कितीतरी घरे आपल्याकडे आहेत. त्यांना ही तरतूद फार उपयोगाची आहे, पण वकिलाकडे ती आवर्जून विचारणारे थोडे.

बारा वर्षे राहिलेला भाडेकरू मालक होतो, ही भीती निराधार आहे. प्रतिकूल ताब्याने मालकी मिळवण्यासाठी ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध आणि उघड असावा लागतो, आणि भाडेकरूचा ताबा तर मालकाच्या परवानगीनेच सुरू झालेला असतो. खरा धोका उद्भवतो तो भाडेकराराचा कागदच नसेल आणि भाडे रोखीत, पावतीवाचून घेतले जात असेल तेव्हा, कारण मग समोरचा माणूस मुळात भाडेकरू होता हेच सिद्ध करण्याची वेळ येते. तेव्हा भाडे बँकेतून घ्यावे, आणि करार नात्यातल्या माणसाशीसुद्धा लेखी करावा.

अनामत किती असावी? केंद्रीय मंत्रिमंडळाने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, परंतु तो नमुना कायदा आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. तरीही दोन महिन्यांची अनामत हा दोन्ही बाजूंना न्याय्य आकडा वाटतो. करारात ती किती दिवसांत परत करायची आणि रंगकाम, वीजबिल, नर्मदेच्या पाण्याचा जलकर यांपैकी काय तिच्यातून वजा होईल, हे आकड्यांसह लिहावे. घरात शिरण्याच्या दिवशी वीजमीटरच्या आकड्याचे आणि भिंतींचे छायाचित्र दोघांनीही जवळ ठेवावे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश शहरात वेळोवेळी निघतात. भंवरकुआं परिसरात विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्यांनी ती माहिती देऊन तिची पोच जपून ठेवावी.

पैशांच्या दोन बाबी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. इंदूर महानगरांच्या यादीत नसल्याने घरभाडे भत्त्याची करसवलत मूळ वेतनाच्या 40 टक्के या मर्यादेत बसते, तीही जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच. आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की मालकाचा पॅन द्यावा लागतो. मालकाने हे ध्यानात ठेवावे की स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी संपत्तिकरातली निम्मी सवलत भाड्याने दिलेल्या भागाला मिळत नाही.

डायरीवरचा प्लॉट

इंदुरात जमिनीच्या व्यवहाराची एक खास पद्धत रूढ आहे. कॉलनीचा नकाशा मंजूर होण्याआधी, रेराची, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी होण्याआधी, विकासक एक छोटी डायरी देतो. तिच्यात प्लॉटचा क्रमांक, दर आणि मिळालेल्या हप्त्यांच्या नोंदी असतात, आणि पुढे हीच डायरी हातोहात नफ्याने विकली जाते. सुपर कॉरिडॉर असो, बायपास असो की उज्जैन रोड, भाव वाढत असताना ही पद्धत सर्वांना सोयीची वाटते. परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 प्रमाणे विक्रीचा रीतसर करारसुद्धा मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करत नाही. मग डायरी तर त्याहूनही खालच्या पायरीवर आहे. ती फार तर पैसे दिल्याचा पुरावा होय, आणि हप्ते रोखीत दिले असतील तर तोही पुरता नाही. शिवाय कराराची अंमलबजावणी मागण्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांची असते, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून. ‘बस, होऊनच जाईल’ म्हणत थांबणाऱ्याची ती मुदत निघून जाते.

रेरा कायदा, 2016 या ठिकाणी स्पष्ट आहे. जमीन 500 चौरस मीटरहून अधिक किंवा सदनिका आठहून अधिक असतील तर प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात, आरक्षण किंवा विक्री करता येत नाही, आणि नोंदवलेल्या करारावाचून विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे डायरीवर तीस-चाळीस टक्के मागणारा माणूस आपण कायदा मोडत आहोत हे स्वतःच सांगत असतो. मध्यप्रदेश रेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, प्रकल्प पुरा करण्याची तारीख आणि जमिनीचे तपशील वाचावेत. दलालाने मोबाइलवर दाखवलेले प्रमाणपत्र पुरेसे समजू नये. सदनिकेचा दर कार्पेट क्षेत्रफळावरच विचारावा. ताबा वेळेवर मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागण्याचा आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून घेण्याचा हक्क याच कायद्याने दिलेला आहे.

नोटरीवर घेतलेल्या घराचे काय, असेही पुष्कळ लोक विचारतात. अवैध कॉलन्यांत मुखत्यारपत्र, नोटरी केलेला करार आणि ताबा यांवर घरे विकली जातात आणि ‘लाइटबिल नावावर होईल’ असे आश्वासन दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की अशा मुखत्यारपत्राने किंवा कराराने मालकी जात नाही. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. वीजबिल, संपत्तिकराची पावती आणि महापालिकेतले नामांतरण हे ताब्याचे आणि कराचे कागद आहेत, मालकीचे नव्हेत.

विकणाऱ्याकडे खरोखर काय आहे

रजिस्ट्री झाली म्हणजे सर्व पक्के झाले, हा समजही अर्धवट आहे. नोंदणी कार्यालय कागद नोंदवते. विकणाऱ्याची मालकी निर्दोष असल्याची हमी देत नाही, आणि खरेदीदाराला विकणाऱ्याकडे जेवढे होते तेवढेच मिळते. म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. शहराच्या कडेच्या जमिनीसाठी खसरा आणि बी-1 या महसुली जमीन-नोंदींच्या ताज्या प्रती, शेतीचे निवासी वापरात रूपांतर झाल्याचे म्हणजे डायव्हर्शनचे कागद आणि नगर तथा ग्राम निवेश विभागाने मंजूर केलेला नकाशा पाहावा. मालमत्ता पूर्वीपासून बँकेकडे गहाण नाही ना, हे सरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदींत थोडे शुल्क भरून कळते. मूळ कागद ‘गावाकडे आहेत’ असे सांगितले गेले तर हा शोध अवश्य घ्यावा.

इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांमधले भूखंड पुष्कळदा लीजवर दिलेले असतात. तेथे लीजची मुदत, भरलेले लीजभाडे, नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी तपासावी, आणि फ्रीहोल्ड म्हणजे पूर्ण मालकीचे झाले असल्यास त्याचा नोंदवलेला कागद मागावा. गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या प्लॉटमध्ये विकणारा सदस्यांच्या मंजूर यादीत आहे का, आणि तोच प्लॉट आणखी कोणाला दिलेला नाही ना, हे संस्थेबरोबरच सहकार विभागाकडूनही पाहणे भाग आहे. या शहरात अशा दुहेरी वाटपांचे वाद वर्षानुवर्षे चाललेले आहेत.

सर्वांत किचकट प्रकार मात्र राजवाड्याच्या आसपासच्या आणि इतर जुन्या वस्त्यांतल्या वडिलोपार्जित घरांचा आहे. आजोबांच्या नावाचे घर, दोन पिढ्यांत न झालेली वाटणी, एक काका बडोद्याला, आत्या पुण्याला आणि एक चुलतभाऊ अमेरिकेत, अशी स्थिती असताना इंदुरात राहणारा भाऊ सगळे घर विकायला काढतो. त्याला फक्त आपला हिस्सा विकता येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल यांमुळे सहदायिक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित, मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही. ‘बहिणींनी काही मागितलेले नाही’ हे वाक्य म्हणून कागदावर शून्य किमतीचे आहे. बहिणीने हिस्सा सोडला असेल तर नोंदवलेले हक्कत्यागपत्र हवे, नाहीतर खरेदीखतावर तिचीही सही हवी. परदेशातल्या वारसाचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून येथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे. मृत्युपत्र असल्यास त्याचे प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून प्रमाणित करून घेणे, इंदुरात सक्तीचे नाही, पण इतर वारसांची लेखी संमती जोडलेली असावी. संमती द्यायला कोणी कां-कूं करत असेल तर किंमत कितीही आकर्षक असली तरी थांबणे बरे.

पैशांचा हिशेब

घराची किंमत 60 लाख धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे, आणि किंमत धरताना मुद्रांक व नोंदणीचा खर्च मोजला जात नाही. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त 48 लाख, आणि 12 लाख पदरचे. शहरी हद्दीत मुद्रांक, पालिकेचा अधिभार आणि नोंदणी मिळून खर्च साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे आणखी सुमारे साडेसात लाख. अशा रीतीने साडेएकोणीस लाख हाताशी नसतील तर इसार देऊ नये. खरेदी स्त्रीच्या नावाने असल्यास नोंदणी शुल्कात सवलत मिळते. चालू दर राज्याच्या नोंदणी विभागाच्या ‘संपदा’ पोर्टलवरच्या गणकात पाहता येतात. शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा कलेक्टर गाइडलाइनवर, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. दोहोंतला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर आयकरात तो विकणाऱ्याच्या विक्रीमूल्यात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात, असा दोघांकडेही मोजला जातो.

50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. वरच्या उदाहरणात 60 हजार. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर 50 लाखांची मर्यादा लागू नाही आणि कपातीचा दरही बराच मोठा असतो, म्हणून चुलतभाऊ अमेरिकेत असल्याचे सनदी लेखापालाला आधीच सांगावे. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर पाच टक्के, परवडणाऱ्या घरांच्या श्रेणीत एक टक्का जीएसटी पडतो. पूर्णता प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो नाही.

काही रक्कम ‘वरून’ रोखीत देण्याचा आग्रह इंदुरात सर्रास होतो. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्याला बंदी आहे आणि रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. खरेदीदाराचे नुकसान निराळे आहे: व्यवहार फिसकटला तर ती रक्कम मागण्याचा आधार त्याच्याकडे नसतो, आणि पुढे घर विकताना ती खरेदी किमतीत धरली जात नसल्याने भांडवली नफ्याचा कर वाढतो.

रजिस्ट्री झाल्यावर महापालिकेत, आणि जमीन असल्यास तहसीलमध्येही, नामांतरणाचा अर्ज करावा. ताबा घेण्याआधी संपत्तिकर, जलकर आणि वीजबिल यांची थकबाकी शून्य असल्याचे कागद विकणाऱ्याकडून घ्यावेत, कारण मागची बाकी नव्या मालकाच्या दारात येते. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर बँकेला दंड लावता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे आणि तिच्या कारणाने उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेताना कर्जमंजुरीच्या वेळच्या यादीशी एकेक पान ताडून पाहावे आणि सरसाईतली गहाणाची नोंद उतरल्याचे लेखी घ्यावे.