माघातला पाऊस आणि परसबाग: कोणती कामं लगेच, कोणती थांबून

नाशिकची थंडी कोरडी असते तोवर बागेची काही तक्रार नसते. निफाडचा पारा पाच-सहावर आला की पेपरात शेकोट्यांचे फोटो येतात, आपण कानटोप्या शोधतो आणि गुलाब मात्र जोरात फुलतात. घोळ होतो तो जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत आभाळ येतं तेव्हा. दोन दिवस रिपरिप, ऊन नाही, माती गार आणि चिंब. अशा वेळी झाडं पाणी ओढत नाहीत, नुसती पाण्यात उभी राहतात आणि मुळं कुजायला लागतात.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतकडचं, द्राक्षाचं घर. तिकडे ढग दिसले की रात्री-बेरात्री ब्लोअर (औषध फवारायची यंत्रं) सुरू होतात, कारण एक फवारणी चुकली तर वर्ष गेलं. घरच्या बागेत मात्र पहिले दोन दिवस हात आवरण्यातच शहाणपण आहे. म्हसरूळला माझी गच्चीवर कुंड्यांची रांग आहे आणि खाली काळ्या मातीचा एक पट्टा. त्यावरून सांगते.

पावसात करायचं काम एकच, पाण्याला वाट करून देणं. कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाका. कुंडीच्या भोकात माती घट्ट बसली असेल तर खालून जाड तार घालून मोकळी करा आणि कुंडी दोन विटांवर चढवा. अडेनियम, कोरफड, निवडुंग पत्र्याखाली न्या. अडेनियमचा बुंधा अंगठ्याने दाबून मऊ लागला तर कुजणं सुरू झालंय. खाली जमिनीत आळ्यांमध्ये पाणी तुंबलं असेल तर कुदळीने एका बाजूचा काठ फोडायचा, बस्स. कढीपत्त्याची पानं या दिवसांत पिवळी पडून गळतातच, म्हणून त्याला आणखी पाणी किंवा खत घालू नका. तो झोपलाय, मार्चमध्ये आपोआप उठेल.

काळ्या मातीत मात्र पाय ठेवू नका. ओली असताना तुडवली की ती दाबून बसते आणि वाळल्यावर अशी ढेकळं होतात की उन्हाळाभर फोडत बसावं लागतं. जायचंच असेल तर फळी टाकून त्यावरून जा. वाफसा आला की नाही, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती कामाजोगी झाली की नाही, ते असं बघायचं: बोटभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि अंगठ्याने टोचायचं. लाडू भुगा होऊन सुटला तर खुरपं काढा. नुसता खड्डा पडला आणि माती बोटाला चिकटली, तर घरात जाऊन चहा प्या.

कात्रीचंही तसंच. ओल्या झाडाची छाटणी करू नये, कारण ताज्या कापातून बुरशी सरळ आत शिरते. दोन दिवस ऊन पडू दे, फांद्या कोरड्या होऊ देत, मग सकाळी दव उडाल्यावर कात्री हातात घ्या. गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये झालेली असते. आता फक्त वाळकी फुलं, आत वळलेल्या काड्या आणि टोकाकडून काळ्या पडत आलेल्या फांद्या काढायच्या. काळी फांदी कापताना आतला गाभा बघा. तो तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा, पांढरट-हिरवा लागेपर्यंत. काप तिरका, बाहेरच्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर. मोगल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद, म्हणजे बागांचं गाव, होतं असं आपण अभिमानाने सांगतो आणि गुलाब मात्र दाढी केल्यासारखे सपाट कापतो!

कापांवर बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप. बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये 1880 च्या दशकात द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी पुढे आलं आणि आजही आमच्याकडे द्राक्षाच्या घरात मोरचूद (कॉपर सल्फेट) नाही असं होत नाही. विकतची पेस्ट मिळते, पण चार झाडांसाठी घरी सहज होते. 10 ग्रॅम मोरचूद कुटून 50 मिली पाण्यात रात्रभर भिजवायचा. दुसऱ्या भांड्यात 10 ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडायचा आणि पाणी वाढवून 50 मिली करायचं. फोडताना चुना उकळ्या मारतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतत काडीने ढवळा. आकाशी रंगाची दाटसर पेस्ट होईल. दोन्ही भांडी प्लास्टिकची हवीत, लोखंडाची किंवा पत्र्याची चालणार नाहीत. तयार पेस्टमध्ये स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चिमूट-चिमूट वाढवा. हातमोजे घालून जुन्या ब्रशने त्याच दिवशी लावून संपवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी उपयोगाचं नाही. पानांवर लावायची ही गोष्ट नव्हे, फक्त कापांवर आणि खोडावर.

मोगऱ्याला एरवी जानेवारीत पाणी तोडून महिनाअखेरीला छाटतात. पाऊस झाला तर ठरलेली तारीख विसरा, माती सुकू द्या आणि मग झाड निम्म्यावर आणा. उरलेली पानंही ओरबाडून काढली तरी चालतात. मग बुंध्यापासून वीतभर लांब शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चच्या शेवटी कळ्या धरतात. शेवंती फुलून गेली असेल तर चार बोटं ठेवून कापा. बुडातून फुटलेले मुनवे वाफसा आल्यावर वेगळे करून लावता येतात.

लिंबाचं दुखणं वेगळं. आंबे बहार (थंडीच्या शेवटी येणारी फुलं) धरायचा म्हणून डिसेंबरपासून पाणी बंद करून ताण दिलेला असतो आणि नेमका तेव्हा पाऊस येऊन ताण मोडतो. मग फुलांऐवजी पालवीच फुटते. पावसाचा अंदाज आला की आळ्यावर जुनं प्लास्टिक अंथरून कडेला दगड ठेवा. पाऊस पडून गेलाच तर खुरप्याने वीतभर उकरा. खाली कोरडं असेल तर वरचा ओला पालापाचोळा बाजूला सारून ताण चालू ठेवा. खालपर्यंत ओल गेली असेल तर यंदा हट्ट सोडा आणि नेहमीसारखं पाणी सुरू करा. अर्धवट ताणात ठेवलेलं झाड नुसतं खंगतं.

पाऊस गेल्यानंतरची पहिली मोकळी रात्र सगळ्यात वाईट. ढग असतात तोवर जमिनीची ऊब अडून राहते. आभाळ निरभ्र झालं, वारा पडला की पहाटे पारा एकदम खाली येतो. माझा धाकटा भाऊ अशा संध्याकाळी फोन करतो, "ताई, आज चांदणं पडलंय, तुळस झाक." तिकडे ते बांधावर शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. आपल्याला तुळस, मिरची, टोमॅटोची रोपं एवढंच सांभाळायचं. चार काठ्या रोवून जुनी सुती साडी टाका. प्लास्टिक टाकलंत तर ते पानाला टेकू देऊ नका, टेकलेलं पान करपतं. सकाळी ऊन आलं की झाकण काढा. करपलेले शेंडे लगेच छाटू नका, खालचा फुटवा दिसू दे.

आता रोग. ढगाळ आठवड्यानंतर गुलाबाच्या, वाटाण्याच्या पानावर पांढरं दिसलं तर बोटाने पुसून बघा. भुकटीसारखं बोटावर आलं तर भुरी. त्यावर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, कोरड्या सकाळी फवारा. काकडीवर्गाच्या किंवा द्राक्षाच्या वेलीवर वरून तेलकट पिवळे डाग आणि त्याच जागी खालून कापसासारखी बुरशी असेल तर ती डाऊनी; तिथे गंधकाचा उपयोग नाही, ती पानं काढून पिशवीत बांधून टाका. मेथी-कोथिंबिरीवर काही फवारत बसू नये असं माझं मत आहे. मावा पडला तर जुडी उपटा, बी नव्याने टाका. तीन आठवड्यांत दुसरी मेथी येते.

उन्हाळी भाज्यांची घाई हा आपल्याकडचा रोगच. संक्रांत झाली की लोक गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून बी आणतात आणि ओल्या गार मातीत भेंडी, दुधी, काकडी टोकून मोकळे होतात. बी उगवत नाही, कुजतं, आणि मग दुकानदाराला शिव्या. रात्री पंधरा अंशांच्या वर राहायला लागल्या की मगच वेलवर्गीय बी जमिनीत टाका, भेंडीला तर आणखी ऊब लागते. शिवरात्रीपर्यंत थंडीचा भरवसा नसतो. तोवर वांगी, मिरची, टोमॅटो कोकोपीटच्या ट्रेमध्ये घरात, पूर्वेच्या खिडकीत करा. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, पाणी सकाळीच आणि फवाऱ्याने द्या, संध्याकाळी अजिबात नाही. रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडायला लागली तर तेवढा कप्पा मातीसकट काढून टाका, आणि उरलेल्यांना दोन दिवस पाणी न देता उन्हात ठेवा.

कंपोस्टचा ड्रम उघडा राहून भिजला असेल तर आंबूस वास येईल. देशी बदामाची लाल पानं या दिवसांत रस्त्याभर पडलेली असतात. कोरडी बघून पोतंभर आणा, चुरा आणि थर-थर घालत सगळा ड्रम खालीवर करा. मूठ दाबल्यावर बोटांतून पाणी ठिबकत असेल तर आणखी पानं घाला.