शेडचा कारभार सुपरवायझरकडे कसा सोपवायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनशॉपचा मालक हाच बऱ्याचदा शेडमधला सगळ्यांत हुशार टर्नर असतो. उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात झालेली, पुढं सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ) आले, व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) आलं, माणसं पंधरा-वीस झाली. पण सेटिंग बदललं, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावलं, की पहिला पीस अजून मालकच बघतो. तो कास्टिंगसाठी फौंड्रीत गेला की मशीन उभं. दिवसाला सहा सेटिंग आणि दर वेळी वीस मिनिटं वाट बघणं म्हणजे दोन तास. व्हीएमसीचा दर तासाला ४०० रुपये धरला तर रोजचे ८०० रुपये मालकाच्या सहीपायी जातात.

आधी आठवडाभर खिशात वही ठेवा. कोण विचारायला आलं, काय विचारलं, प्रश्न किती रुपयांचा होता, एवढंच लिहा. उत्तर देऊन झाल्यावर लगेच लिहा. रात्री आठवून लिहिलेलं खरं नसतं. तेच चार-पाच प्रश्न फिरून फिरून येताना दिसतील. त्यातला एकच निवडा. सगळं एकदम सोपवलं की महिन्याभरात सगळं एकदम परत घेतलं जातं.

पहिल्या पीसपासून सुरुवात बरी, कारण चूक लगेच मोजता येते. ड्रॉइंगवर महत्त्वाची पाच-सहा मापं लाल पेनानं गोल करा. ऑपरेटरनं मोजायचं, सुपरवायझरनं स्वतः पुन्हा मोजायचं, दोघांनी आपापले आकडे शीटवर लिहायचे. ‘ओके’ एवढाच शेरा चालणार नाही, आकडा पाहिजे. सुपरवायझरची सही आणि वेळ पडली की मशीन चालू. तो पीस टॅग लावून लॉट संपेपर्यंत मशीनजवळच ठेवायचा.

इथं हत्यारं बघून घ्या. ५० मिलिमीटरच्या बोअरला (आतल्या भोकाला) एच ७ टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असेल तर हातात फक्त २५ मायक्रॉन असतात, आणि नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (त्यावर वाचता येणारं सगळ्यांत लहान माप) २० मायक्रॉन. बोअर गेज न देता जबाबदारी दिली तर रिजेक्शन येणारच, आणि खापर मात्र सुपरवायझरच्या डोक्यावर फुटणार.

पहिला आठवडा त्याच्या सहीनंतर, मशीन सुरू होण्याआधी तुम्ही बघा. दुसऱ्या आठवड्यात मशीन सुरू होऊ द्या, तुम्ही संध्याकाळी शीट बघा. तिसऱ्यात कुठलेही दोन लॉट तपासा. त्यानंतर फक्त रिजेक्शनचा तक्ता.

पहिला लॉट कधीतरी फसणारच. त्या दिवशी ‘सरक, मी बघतो’ म्हणत तुम्ही मशीनवर चढलात, तर सगळ्या शेडला कळतं की अधिकार फक्त कागदावर होता. कारण सुपरवायझरकडूनच काढून घ्या: ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) चुकला, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजलं, की जॉब नीट बसला नव्हता? शीटमध्ये ती एक तपासणी वाढवा आणि सही त्याचीच राहू द्या.

खरेदीची मर्यादा आकड्यात लिहून ऑफिसात लावा. उदाहरणार्थ इन्सर्ट, ड्रिल, कूलंट यांसाठी एका वेळी ३,००० आणि महिन्याला १५,००० रुपये, ठरलेल्या दोन दुकानांतून. बुडाले तरी तुमचा आवाज चढणार नाही एवढीच रक्कम धरा. ‘योग्य वाटेल ते घे’ ही मर्यादा नव्हे. त्यानं घेतलं की तुम्हाला महाग वाटतं आणि पुढच्या वेळी तो पुन्हा विचारायलाच येतो.

जुने कामगार सवयीनं थेट तुमच्याकडेच येतील. ‘मालक, हे कसं करू?’ याला उत्तर माहीत असलं तरी देऊ नका. ‘सुपरवायझरला विचारलंस का?’ एवढंच. घरातले दोघं धंद्यात असतील तर हे दोघांनाही पाळावं लागतं. थोरल्यानं एक सांगायचं आणि धाकट्यानं दुसरं, यात सुपरवायझरचं भरीत होतं. कुठल्या पार्टीचा माल कधी जायचा, हेही त्याला रोज सकाळी माहीत हवं. तारीख माहीत नसलेला माणूस कुठलं काम आधी लावायचं ते ठरवू शकत नाही.

हिशेबाच्या माणसाला ‘झालं का?’ विचारू नका, पावती मागा. टीडीएस ७ तारखेला, मासिक रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ११ला, पीएफ १५ला, जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) साधारण २०ला. बँकेत पेमेंटची नोंद करणारा वेगळा आणि मंजुरी देणारा वेगळा अशी सोय मागून घ्या. मंजुरी तुमच्याकडे ठेवा. सही केलेले कोरे चेक ड्रॉवरमध्ये ठेवणं हा विश्वास नव्हे, आळस आहे.

नवा दर, कर्ज आणि मोठ्या माणसाची नेमणूक अजून तुमच्याकडेच राहू द्या. काम थांबवण्याचा अधिकार मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना द्या, विनामर्यादा. फौंड्री असेल तर विशेष करून: ओलं भंगार भट्टीत पडलं तर वितळलेला धातू उसळतो, तिथं कुणाच्या परवानगीची वाट बघायची नसते.

दोन महिन्यांनी एक दिवस कारखान्यात जाऊ नका. डिस्पॅचचा दिवस टाळा, फोन फक्त अपघात किंवा वीज गेल्यास. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरण्याआधी ऑफिसात बसून शीट, खरेदीची बिलं आणि गेलेल्या गाड्यांची चलनं बघा. जिथं काम तुमच्यासाठी अडून राहिलं असेल, तो वहीतला पुढचा प्रश्न.