‘तांबेरा प्रतिकारक’ गहू पेरलाय? तरीही पानावर बोट फिरवा

ढगाळ हवा, दहा वाजेपर्यंत न उडणारं दव आणि १० ते १५ अंशांचा गारवा. असे लागोपाठ तीन दिवस गेले की बाकीची कामं बाजूला ठेवा आणि गव्हात उतरा. पानावर बोट फिरवा. पिवळी पूड बोटाला लागली तर पिवळा तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, आला. पान पिवळं आहे पण बोट कोरडंच, तर बहुधा नत्र कमी पडलंय किंवा मुळाशी पाणी साचलंय. तिथे बुरशीनाशक मारून उपयोग नाही.

माझ्या डोळ्यांदेखत जे गहू गेले, त्यातले कितीतरी प्रतिकारक वाणाचेच होते. पिशवीवर तसं छापलेलं, म्हणून पीक निसवल्यानंतर पंधरा-पंधरा दिवस कोणी आत शिरलंच नाही. बांधावरून हिरवंगार दिसायचं. आत ध्वजपान, म्हणजे ओंबीखालचं शेवटचं पान, पुडीने माखलेलं असायचं.

ही प्रतिकारशक्ती येते कुठून, ते कळलं की तिच्यावर किती विसंबायचं तेही कळतं. आपला गहू मुळातच संकरातून आलाय: खपलीच्या जातीचा गहू आणि एजिलॉप्स नावाचं रानगवत यांचा जवळपास आठ-दहा हजार वर्षांपूर्वी आपोआप संकर झाला. पैदासकार आजही त्याच सोयऱ्यांकडे जातात. काम चिवट आहे. गव्हातलं एक जनुक परक्या गुणसूत्राशी जोडी जमू देत नाही, संकराचा गर्भ बऱ्याचदा दाण्यातच मरतो, म्हणून तो काढून काचेत वाढवावा लागतो. १९५६ साली अमेरिकी गहू-संशोधक सीअर्स यांनी क्ष-किरणांनी गुणसूत्र तोडून एजिलॉप्समधलं तांबेरा प्रतिकारक जनुक गव्हात आणलं. पुढे परत परत गव्हाशीच संकर करत रानगवताचे नको ते गुण काढून टाकावे लागतात.

एवढं करून हाती येतो तो बहुधा गुणसूत्राचा एक तुकडा, आणि त्याच्यावर एखाद-दुसरं जनुक. बुरशीने तेवढं कुलूप उघडलं की संपलं. राय धान्याचा असाच एक तुकडा जगभरच्या वाणांत गेला. खोडावरचा काळा तांबेरा त्याने कित्येक वर्षं रोखला. १९९८ मध्ये युगांडात त्यालाही न जुमानणारी बुरशी सापडली. त्याच तुकड्यावरचं पिवळ्या तांबेऱ्याचं जनुक तर त्याआधीच निकामी झालं होतं. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर देशोदेशी जातात, तुमच्या पिशवीवरचा छापा वाचत नाहीत. म्हणून म्हणतो, बोट फिरवा. आठवड्यातून दोनदा.

आधी कुठे बघायचं? झाडांच्या सावलीची कड, खोलगट जागा, नत्र जास्त पडलेला पट्टा. हे कुठल्या शिफारशीत नाही, पण मला पहिला ठिपका बहुतेक वेळा तिथेच दिसलाय.

तांबेरा दिसला तर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी, १ मिली प्रति लिटर पाणी. एकरी २०० लिटर पाणी, पानं नीट भिजली पाहिजेत. गरज वाटली तर पंधरा दिवसांनी पुन्हा. त्यात टॉनिक, संजीवक, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ द्रावण मिसळायला दुकानदार सांगेल. घेऊ नका, तांबेरा त्याने थांबत नाही. आणि दाणा कडक होऊ लागल्यावर फवारणी करून पैसा घालवू नका.

बियाण्याचंही तेच. ‘रानगवताशी संकर केलेला, म्हणून दरवर्षी नवीन घ्या’ असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. अशा संकरातून निवडून स्थिर केलेला वाण सरळ वाण असतो. गहू स्वपरागी आहे, घरचं शुद्ध बी दोन-तीन वर्षं चालतं. पण तोच वाण दहा वर्षं आणि शिवारभर तोच, हे मात्र बंद करा.

नेहमीची कामं:
- बीजप्रक्रिया: थायरम ३ ग्रॅम प्रति किलो, नंतर ॲझोटोबॅक्टर (जिवाणू खत)
- पेरणी ५ सेंमी खोल, दोन ओळींत २० ते २२ सेंमी अंतर
- पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना
- तणनियंत्रण ३५ दिवसांच्या आत
- नत्र विभागून, शिफारशीपेक्षा जास्त नको

पुढच्या हंगामासाठी संशोधन केंद्रात विचारताना ‘प्रतिकारक आहे का’ एवढंच विचारू नका. कोणत्या तांबेऱ्याला, जनुक कुठलं, आणि सध्या फिरणाऱ्या बुरशीपुढे ते टिकतंय का, हे विचारा. एकाहून जास्त जनुकं असलेले दोन वेगळे वाण निवडून शेजाऱ्यांशी वाटून पेरा. कापणीनंतर आपोआप उगवलेला गहू उपटून टाका. तांबेरा वाळक्या धसकटावर जगत नाही, हिरव्या रोपावर जगतो.